संत्रं आणि केळं

ऐंशीच्या दशकात मी नागपूरला मानसशास्त्रात एम.ए. करत होते. प्रात्यक्षिकासाठी दहा जणांची बुद्धिचाचणी घ्यायची होती. हिवाळ्याच्या सुट्टीत प्रश्नांचे कागद घेऊन मी सौंसरजवळच्या आमच्या गावी आले आणि आधी मोठ्या आईला, म्हणजे मोठ्या काकूला, ओसरीत बसवलं.

ती चौथी शिकलेली. पण संत्र्याचा बगीचा तिच्या शब्दावर चाले. हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. झाडं तहानली की नेमक्या दिवशी पाणी सोडायचं, मग बहर फुटतो. घाई केली तर नुसता पाला, उशीर केला तर झाडंच वाळतात. तो दिवस कायम मोठी आईच सांगायची.

मी विचारलं, "संत्रं अन् केळं, दोघांत सारखं काय?"

"काहीच नाही. केळीले सदा पानी लागते. संत्र्याले तहानलेलं ठेवा लागते."

उत्तरसूचीत होतं, दोन्ही फळं. मी शून्य दिलं. अशी पुष्कळ शून्यं झाली. आणि मी दीडशहाणी, जेवताना सगळ्यांसमोर निकाल वाचला: सामान्यापेक्षा कमी. सगळे हसले. तीही हसली.

आठ दिवसांनी मोठ्या बाबांनी, म्हणजे मोठ्या काकांनी, तिला विचारलं, "पानी कवा सोडाचं?"

"मले काय समजते? पोरीले इचारा. ते शिकून राहिली."

ती बगीच्यात जाईनाच. मोठे बाबा रोज झाडांखालची पानगळ बघत आणि तसेच घरी येत. चौथ्या दिवशी सकाळी मी तिचा हात धरून ओढतच तिला बगीच्यात नेलं. मोठे बाबा मागून आले.

"आता तू माही परीक्षा घे."

तिने पदर खोचला. मग माझ्यासारखाच आवाज काढून, दोन झाडांकडे बोट दाखवून म्हणाली, "सांगा बाई, या दोघांत सारखं काय?"

"दोनी सुकले."

"शून्य! हे तहानलं. ते बिमार आहे." ती खळखळून हसली आणि मला रडूच आलं. तोवर ती पुढच्या रांगेत शिरली होती. पानं चुरगाळत, फांद्या वाकवत ती शेवटपर्यंत गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, मोटार सुरू करा! आजच!"

"तुले समजते कसं?" मी तिला गाठून विचारलं.

"पाहून राहिली ना मी. अजून काय करू?"

पुढे मानसशास्त्राच्या वर्गात मी बरीच वर्षं 'अंतःप्रेरणा' शिकवली. याहून चांगलं उत्तर मला देता आलं नाही.

त्या वर्षी बगीचा पांढराशुभ्र फुलला. मोठ्या आईचा वगळून नागपूरला मी नऊच कागद जमा केले. सरांनी विचारलं, "दहावं कोण?"

"मीच, सर," मी म्हटलं. "नापास."