सरळ टाका

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं कोट शिवले. असे कडक, की गिऱ्हाईक वाकलं तरी कोट वाकायचा नाही. तयार कपडा अंगाला लावायचा नाही, हा ह्यांचा जन्माचा बाणा. मग उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, ताणली जाणारी, घट्ट बसणारी पँट आणा. दीड महिन्यात गुडघा काटकोनात वाकला पाहिजे, नाहीतर असाच राहील."

असाच राहिला तर पायाने चालवायची मशीन सुटली. आणि मशीन सुटली तर हा माणूस दिवसभर घरात बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणार.

"बाजारातून तयार आणते मी," मी म्हटलं.

"कोट शिवणाऱ्याला एवढं जमत नाही होय?"

ह्यांनी सवयीने मापात दोन इंच सैल धरलं. कोटाला ते ठीक. ताणलं जाणारं कापड मापाहून कमीच कापायचं असतं. पहिल्या दिवशी ह्यांनी एका हाताने पँट धरून व्यायाम केला. दुसरी कमी मापाची कापली, बसलीही छान. शिवण मात्र कोटाची, सरळ. गुडघा वाकला की कापड ताणलं जायचं, दोरा ताणला जायचा नाही आणि कट्कन तुटायचा.

"काजांच्या मशीनवर नागमोडी टाका मारून देते," मी म्हटलं. काजं माझ्याकडे, दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत, तीही चाळीस वर्षं.

"नागमोडी काजाला. शिवण सरळच."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पुन्हा सरळच शिवली, आणि गंमत म्हणजे त्यानंतर एकही टाका तुटला नाही. मला वाटलं, जिंकले बुवा. पाचव्या आठवड्यात बाईंनी मला बाजूला घेतलं.

"काकू, काकांचा गुडघा सत्तर अंशांवर अडकलाय. फार दुखतं का त्यांना?"

दुखत नव्हतं. टाका तुटायच्या आधी हे थांबत होते. शिवण वाचवायला पाय घालवायला निघाले होते. मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त होता.

दुपारी हे झोपल्यावर मी पँट उसवली आणि काजांच्या मशीनवर नागमोडी शिवली. सकाळी ह्यांनी सवयीप्रमाणे ती उलटून पाहिली. बराच वेळ पाहिली. घातली.

बाईंनी पाय वाकवायला घेतला. सत्तरला ह्यांनी डोळे मिटले, मीही मिटले. टाका तुटल्याचा आवाज आला नाही.

"ब्याण्णव, काका," बाई म्हणाल्या.

ह्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. "कापड सैलावलं वाटतं," म्हणाले.

महिन्याभराने हे दुकानात बसायला लागले. मी काजं करायला मागे गेले, तर खोली रिकामी. माझी मशीन पुढे, ह्यांच्या मशीनशेजारी, खिडकीपाशी.

"इथे उजेड बरा आहे," हे मान वर न करता म्हणाले.

उजेड चाळीस वर्षं तिथेच होता. पण असो. मी बसले.