पट्ट्याला पाजलेलं एरंडेल

हसायचं न्हाय, आधीच सांगून ठेवतो. च्या संपेपर्यंत गप ऐकायचं. आणि मधीच "असं कसं करंल कोण?" म्हणून इचारायचं न्हाय. कारण केलंय. मी केलंय. तेबी सासरवाडीत, ऐन दसऱ्याला!

माझी सासरवाडी पन्हाळ्याच्या पायथ्याला. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून तालमीतला, पण गुडघे पार गेलेले. त्यांचं वरचं रान डोंगराच्या खांद्यावर हाय. तिथं त्यांनी सोताच्या हातानं लावलेला आंबा आणि बांधावर एक दगडी देव. दसऱ्याला पहिलं सोनं त्या देवाला वाहायचं, मगच आपट्याची पानं गावात वाटायची, असा त्यांचा नेम. गेली सहा वर्सं त्यो नेम मोडलेला. वाटंत नुसते धोंडे, जीप चढत न्हाय. खांद्यावरनं नेतो म्हटलं तर भडकत्यात, "मी काय पालखीतला देव हाय व्हय?"

तर गेल्या साली मी एक बग्गी घेतली. घोड्याची न्हवं हं! लोखंडी पाइपांचा सांगाडा, जाडजूड टायरं, चार सीटा. पन्हाळ्याला येणाऱ्या पावण्यांना चिखलातनं, दगडधोंड्यांतनं फिरवायची गाडी. मी छातीवर हात मारून सांगितलं, "मामा, औंदाचं सोनं तुमच्याच हातनं देवाला!"

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं राव. एवढंच म्हणाले, "बघा बरं का पावणं. उगंच आशा लावू नगासा."

आता ह्या गाडीत एक रबरी पट्टा असतोय. इंजिनाचा सगळा जोर चाकापतुर त्योच न्हेतो. उद्यमनगरातल्या सादिकभाई मिस्त्रीनं जुना पट्टा काढून नवा बसवला आणि आम्हाला समजावून सांगितलं, "दादा, पट्टा ह्याच नंबरचा घ्यायचा. दिसायला सारखा हाय म्हणून दुसरा बसवायचा न्हाय. एक जादा कायम गाडीत ठेवायचा. चढाला लो गिअर टाकायचा. आणि पट्टा कोरडा पायजे. पाणी न्हाय, तेल न्हाय, काय न्हाय."

शोभा, म्हंजे आमची मंडळी, वहीत उतरवून घेत हुती. आणि मी? मी मिशीत हसत हुतो. आवं, मी गिरणीवाल्याचा पोरगा! कागलजवळ वडलांची पिठाची गिरणी. तिथला कातड्याचा पट्टा कुरकुरला की वडील त्याला एरंडेल पाजायचे. पट्टा मऊ पडायचा, गिरणी गुमान दळायची. असल्या घरातल्या माणसाला ह्यो मिस्त्री पट्टा शिकवणार?

खंडेनवमीला सासरवाडीच्या अंगणात गाडीची पूजा झाली. हळदकुंकू, हार, नारळ, सगळं झालं. पण माझं काय समाधान हुईना. पूजा अशी वरवरची करायची व्हय? सगळे पांगल्यावर मी पट्ट्यावरच्या कव्हरचे बोल्ट खोलले. बघतोय तर आत पट्टा कोरडा ठणठणीत! जीव कळवळला हो माझा. सोप्यातल्या कोनाड्यात एरंडेलाची एक बाटली गावली. बोटांनी चोळून चोळून पट्ट्याला पाजलं. मग म्हटलं, जादाचा पट्टा तेवढा उपाशी कशाला? त्यालाबी पाजलं. दोन्ही कसे काळेभोर चकाकायला लागले! उरलेली बाटली ठेवून दिली, वाटंत लागली तर असावी म्हणून.

दसऱ्याला सकाळी मामा फेटा बांधून तयार. पण घरभर काय तरी हुडकालते.

"काय हरवलंय मामा?"

"गुडघ्याचं औषध. काल तर हुतं की हितं."

"असंल कुठं तरी. आणि दारात गाडी असताना गुडघ्याचं काय काम?" मी म्हटलं आणि बाटली नव्या शर्टाच्या खिशात कोंबून निघालो.

पुढं मी आणि मामा, मागं शोभा आणि मामी, म्हंजे सासूबाई. सपाटीला गाडी बरी पळाली. मामा गावाला हात करत चाललेले, जणू निवडून आलेत! मग लागला चढ. लो गिअर टाकला, रेस दिली. इंजिन बोंबलतंय, आणि गाडी? हातभर पुढं, हातभर मागं!

"का ओ पावणं?"

"काय न्हाय मामा, पट्टा सुका पडलाय."

उतरलो, कव्हर खोललं आणि बाटलीतलं हुतं न्हवतं ते सगळं ओतलं, रिकामी बाटली परत खिशात कोंबली. परत रेस. आता तर हातभरबी हलंना! सीटाखालनं धूर यायला लागला. मामी नाकाला पदर लावून म्हणाल्या, "कोण भजी तळालंय गं रानात?"

शोभानं सादिकभाईला फोन लावला.

"भाभी, पट्टा सरकालाय. तेलबिल लागलंय का बघा."

शोभानं माझ्याकडं बघितलं. तेवीस वर्सांच्या संसारात तिनं असं कधी बघितलं नव्हतं.

"लागलं न्हाय," मी म्हटलं, "लावलंय."

मिस्त्री फोनवरच वराडला, "दादा, रबर हाय ते! जादाचा पट्टा बसवा."

"त्यालाबी पाजलंय."

तिकडं सगळं गॅरेज हसालतं, हितपतुर ऐकू आलं. मामांनी मात्र गपचिप फेटा उतरून मांडीवर ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं हो! मला मेल्याहून मेल्यागत झालं.

तवर शोभानं पिशवीतनं पेपरात गुंडाळलेलं काय तरी काढलं. सादिकभाईनं बदललेला जुना पट्टा! फेकून दे म्हणून मी दहादा सांगितलेलं. हिनं अडीनडीला म्हणून कोरडा जपून ठेवलेला.

"आतलं तेल पुसायला सुती कापड पायजे," फोनवरनं मिस्त्री म्हणाला.

"काढा शर्ट," शोभा म्हणाली.

"आगं, दसऱ्याचा नवा..."

"काढा!"

बनियनवर बसून अर्धा तास पुसलं. मिस्त्री सांगंल तसा जुना पट्टा चढवला. "जुना हाय, वजन कमी ठेवा," त्यो म्हणाला.

"पावण्यांचं वजन किती?" मामांनी इचारलं.

"एकशे चार," शोभा म्हणाली.

"मग पावणं चालत येत्याल की."

स्टेअरिंगवर शोभा बसली. आणि गाडी चढली की वो! हळूहळू, पण चढली. तेलकट शर्ट हातात धरून मी मागनं धापा टाकत निघालो.

वर पोचलो तर मामा आंब्याला हात लावून उभे. देवापुढं आपट्याची पानं. रडालते आणि हसालतेबी. खरं सांगतो, मलाबी भरून आलं. सोनं घेतलं, पाया पडायला वाकलो, आणि वर उठायलाच येईना! दोन्ही गुडघे धरलेले.

"मामा," कण्हत कण्हत म्हटलं, "तुमचं ते गुडघ्याचं औषध गावलं का वो?"

"कुठलं गावतंय? एरंडेलाची भरलेली बाटली हुती..."

मी दचकलो. हातातला शर्ट निसटला, आणि खिशातली बाटली घरंगळत मामांच्या पायाशी जाऊन थांबली.

मामांनी ती उचलली, उलटी करून हलवली. एक थेंब न्हाय.

"पावणं," मामा म्हणाले, "हे माझ्या गुडघ्याला लावलं असतासा, तर मी सकाळीच चालत वर आलो असतो. आणि येताना तुम्हालाबी पाठकुळी आणलं असतं!"