पालीच्या अलीकडचा गोवा

हे सांगायचं म्हणजे आधी चहा मागवा. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या फजितीचं मूळ चहातच आहे. आणि हसायचं असेल तर शेवटी एकदम हसा. मध्येच हसलात तर मी उठून गॅलरीत जातो, मग पुढची गोष्ट तुम्हाला कोण सांगणार?

आता गॅलरीत का जातो? तर मला एका जागी बसवतच नाही. सिनेमाला गेलो तर मध्यंतराच्या आत दोनदा बाहेर. न्हाव्याच्या खुर्चीत मान हलते, म्हणून माझा उजवा कल्ला डाव्यापेक्षा कायम बोटभर वर. बस थांबायच्या आधीच माझा एक पाय रस्त्यावर. त्यात आणखी एक खोड: कुणाला रस्ता विचारायचा म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. या दोन्ही खोडी एकाच माणसात भरल्या की काय होतं, ते ऐका.

एक्क्याण्णव-ब्याण्णवचा सुमार असेल. भाईंदर पूर्वेला, नवघरला नव्या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी, बायको शोभा आणि सात वर्षांची पिंकी. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर सावंत. हा सावंत गोव्याला जाऊन आला आणि रोज डब्याच्या वेळी फोटोंचा अल्बम उघडू लागला. सावंत नारळाखाली. सावंत नारळाला टेकून. सावंत हातात नारळ घेऊन. तो अल्बम मी एकदा घरी आणला, आणि तिथेच माझे ग्रह फिरले.

शोभाने नारळाकडे बघितलंसुद्धा नाही. एका फोटोवर तिचं बोट थांबलं. सावंतची बायको वेताच्या खुर्चीत रेललेली, आणि एक वेटर वाकून तिच्यासमोर ट्रे धरतोय.

“अहो, हिला चहा कोण देतंय?”

“वेटर.”

“सकाळचा?”

“असेल सकाळचा.”

तिने अल्बम मिटला. “बारा वर्षं झाली आपल्या लग्नाला. सकाळचा चहा मला कुणी हातात आणून दिलाय? एकदा तरी? मला गोवा नको, समुद्र नको. दोन दिवस मला आयता चहा पाहिजे. या मे महिन्यात जमवा, नाहीतर मी आणि पिंकी शाळा उघडेपर्यंत चिपळूणला माहेरी. तुम्ही बसा इथे स्टोव्हशी गप्पा मारत.”

बसा म्हणाली! मला!

तोडगा सावंतनेच काढला. “गोव्याची तिकिटं आता कुठे मिळायला? अरे, तुमच्या उत्तनच्या बाजूला पालीत एकाने नवा रिसॉर्ट काढलाय. बोर्ड अजून लागायचाय, पण जागा झकास. निळी कमान, दोन बाजूंना नारळ, मागे समुद्र. सगळा घरगुती कारभार. मालक स्वतः दारात उभा असतो. मी फोन करून ठेवतो, रविवारी अकराला जा.”

आता अडचण समजून घ्या. पाली म्हणजे आमच्या घरापासून फार तर पाऊण तास. एवढ्यावर सुट्टीला चाललोय म्हणून बिल्डिंगमध्ये सांगणार कसं? रविवारी सकाळी मी फुलाफुलांचा शर्ट, गवताची हॅट आणि गॉगल घालून जिना उतरलो. पिंकीने पोहायची रबरी ट्यूब घरातच फुगवून कमरेला अडकवलेली. खाली शाहभाभी भाजी घेत होत्या.

“अरे वाह! किधर चले?”

“गोवा!”

“ट्रेन से?”

“नहीं भाभी, बस से.”

यातलं बसचं मात्र शंभर टक्के खरं होतं. रिक्षाने स्टेशन गाठलं, पूल ओलांडून पश्चिमेला उतरलो आणि पालीची बस पकडली.

राई गावापर्यंत मी तीन सीट बदलल्या. उत्तनपर्यंत आणखी दोन. शोभा म्हणत होती, “कंडक्टरला सांगून ठेवा, कुठे उतरायचं ते.” मी म्हटलं, “मला कळत नाही का?” तेवढ्यात खिडकीतून दिसली. निळी कमान! दोन बाजूंना नारळ! दारात पांढऱ्या कपड्यातला माणूस, घड्याळात बघत उभा!

“उतरा!”

“अहो, पाली अजून पुढे आहे, शेजारचा माणूस म्हणतोय...”

“उतरा!”

दारातला माणूस धावतच आला. “या दादा, या! कवाशी वाट बगतोय. मुंबयशी आलाव ना?”

खरं तर म्हणायला हवं होतं, नवघरहून. पण नवघरहून सुट्टीला आलो म्हटलं तर हा आपली काय किंमत करील? मी गॉगल सरळ केला. “हो. मुंबईहूनच.”

तेवढं एक खोटं बोललो नसतो ना, तर हा चहा आज तुम्ही मला पाजला नसता.

दारात रांगोळी. अंगणात मांडव. आत वेताची खुर्ची! शोभा त्या खुर्चीत बसली आणि पाय लांब करून तिने जो सुस्कारा सोडला, तो बारा वर्षांचा होता. एका बाईने येऊन तिच्या केसांत गजरा माळला. पाठोपाठ एक मुलगी ट्रे घेऊन आली. जरीची साडी, अबोलीची वेणी, मान खाली. वाफाळता चहा आणि बशा भरून पोहे.

“बघ,” मी शोभाच्या कानात म्हटलं, “स्टाफला काय झकास पोशाख दिलाय!”

शोभाने कप हातात घेतला. डोळे मिटले. पहिला घोट. मी म्हटलं, जिंकलो!

आता गिऱ्हाइकाने गप्प बसायचं नसतं, नाहीतर पुढे कुणी विचारत नाही. मी त्या मुलीशी बोलायला लागलो.

“नाव काय तुझं?”

“प्रमिला.”

“शिक्षण?”

“बी. कॉम.”

“अरे वा! आणि इथे किती वर्षं आहेस?”

ती गोंधळली. “जन्मापासून.”

“म्हणजे घरचंच. पुढेही हे काम चालू ठेवणार ना?”

तिने पहिल्यांदा मान वर केली. “नोकरी मी सोडणार नाही. तसं आधीच सांगितलंय.”

“मुळीच सोडू नकोस! तुझ्यासारख्या मुलींनी नोकऱ्या सोडल्या तर आमच्यासारख्यांनी जायचं कुठे?”

त्या मुलीचा चेहरा असा उजळला म्हणता! दाराआडच्या चार बायकांनी एकमेकींचे हात धरले. मालकाने डोळे पुसले. तुमच्या लक्षात आलंय ना काय चाललंय ते? येणारच. माझ्या नाही आलं.

उलट मला जोर चढला. “मालक, चहात साखर जास्त झालीय!”

मालकाचा चेहरा पांढरा पडला. आत भांडी पडल्याचा आवाज झाला आणि दोन मिनिटांत नवे तीन कप हजर. याला म्हणतात सर्व्हिस! मग मी खोल्या बघितल्या. गादीवर बसून उडी मारून पाहिली. न्हाणीतला नळ सोडून बघितला. “समुद्र कुठून दिसतो?” म्हटलं तर मालकाने स्वतः मला माडीवर नेऊन दाखवला.

“बाबा, स्विमिंग पूल?” पिंकी ट्यूबसकट रडकुंडीला आली होती.

मालक म्हणाला, “पोरीला पोवायचंय? हौद हाय ना!” आणि मागच्या हौदात पिंकी ट्यूबसकट तरंगायला लागली.

खाली आलो तर शोभाची ओटी भरणं चालू. ती पुटपुटली, “अहो, रिसॉर्टमध्ये ओटी?”

“घरगुती कारभार, सावंत म्हणालाच होता.”

मालक हात जोडून समोर आला. “दादा, मग कसं वाटलं? पसंत हाय?”

मी हॅट काढून छातीशी धरली. “पसंत म्हणजे काय? एकदम पसंत! आता आम्ही दुसरीकडे बघणारच नाही!”

काय सांगू! माझ्या तोंडात एकदम दोन पेढे. कुणीतरी टेपरेकॉर्डरवर सनई लावली. मालकाने मला मिठीच मारली. मी म्हटलं, गोवा काय देणार असं स्वागत?

आणि कमानीपाशी रिक्षा थांबली. सफारी सूट घातलेला एक जाडजूड गृहस्थ उतरला, मागून त्याची बायको आणि मुलगी.

“नारायण नाखवांचं घर हेच ना? आम्ही मुंबईहून. मुलाचा थोरला भाऊ मी. जरा उशीर झाला.”

सनई चालूच. मालकाने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हौदातल्या पिंकीकडे.

“तुमी मुलाचे भाऊ... मंग हे कोन?”

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं.

“मी... रूम बुक केलीय.”

“कसली रूम?”

“समुद्राकडची.”

“अवो, ह्ये माजं घर हाय! ही माजी पोर हाय!”

उभ्या जन्मात पहिल्यांदा मला खाली बसावंसं वाटलं, आणि खुर्ची रिकामी नव्हती.

मग हळूहळू कळलं. प्रमिला आणि तो मुलगा भाईंदरला एकाच पतपेढीत नोकरीला. दोघांनी आपसांत ठरवलेलं. अडकलं होतं थोरल्या भावापाशी. तो येऊन मुलगी बघणार, आणि तो हो म्हणाला तरच लग्न. नाखवांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं, दोन महिने नुसत्या फोनवरून विनवण्या करत होते, तेव्हा कुठे हा रविवार मिळाला. आणि त्या रविवारी त्याच्या वाटणीचे पोहे मी खाल्ले, त्याच्या बायकोची ओटी माझ्या बायकोने घेतली, आणि पसंतीही मीच देऊन बसलो!

सफारी सूट लाल झाला. “म्हणजे आमच्या आधी दुसऱ्या पार्टीला मुलगी दाखवलीत? पेढेसुद्धा वाटले? चला गं, निघू या.”

मी मध्ये पडलो. “अहो, आम्ही पार्टी नाही हो, आम्ही नुसते गिऱ्हाईक!”

हे मी मुलगी बघण्याच्या घरात बोललो. मला त्याच हौदात बुडवायला हवं होतं. नाखवांचे दोन भाऊ बाह्या सरसावून पुढेही झाले.

तेव्हा शोभा खुर्चीतून उठली. हातात बारा वर्षांत मिळालेला पहिला आयता चहा, निम्मा उरलेला. तिने एकदा कपाकडे बघितलं, कप खाली ठेवला, पदर खोचला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

“चहा ठेवलाय,” ती आतून ओरडली, “पाहुण्यांनी चहा घेतल्याशिवाय जायचं नाही!”

यावर मात्र सफारीची बायको म्हणाली, “बसा ना हो दोन मिनिटं.”

शोभा ट्रे घेऊन बाहेर आली आणि त्या गृहस्थांसमोर वाकली. “भाऊसाहेब, चूक आमची. चुकीच्या घरात शिरलो. पण आता तुम्ही निघताय म्हणून बोलते. अशी मुलगी मी माझ्या दिरासाठी दोन वर्षं शोधतेय. दीर मॅनेजर आहे, वांद्र्याला स्वतःचा ब्लॉक. तुम्ही निघालात की मी नाखवांशी बोलायला मोकळी.”

तुम्हाला एक सांगतो, मला भाऊच नाही! सख्खा, चुलत, मावस, कुणी नाही! खोटं मीही बोललो होतो, पण माझ्या खोट्याने घर बुडत होतं.

सफारीने कप उचलला. एक घोट घेतला. आणखी एक घेतला. “निघतंय कोण? बोलणी आमच्याशी झालीयत. आमची पसंती आहे! आधी आमची!”

सनई अजून चालूच होती. आता ती बरोबर वाजत होती.

पुढे काय? संध्याकाळी मी एकटा खऱ्या रिसॉर्टवर जाऊन आलो. एकच थांबा पुढे, तिथेही निळी कमान. अकराला कुणी आलं नाही म्हणून आमची खोली कधीच दुसऱ्यांना दिलेली. नाखवा म्हणाले, “दादा, दोन दिस हितंच ऱ्हावा. पन आता आनकी कुटं चुकून उतरू नका.”

राहिलो. पापलेट खाल्लं, पिंकी हौदातून बाहेर यायला तयार नव्हती. घर पाहुण्यांनी भरलं, आणि शोभाताईंच्या चहाने सोयरीक जमली म्हटल्यावर दुसऱ्या कुणाचा चहा घ्यायला कुणी तयार होईना. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, अठरा माणसांचा चहा शोभाने केला. माझ्याकडे न बघता केला.

घरी परतलो तर जिन्यातच शाहभाभी. “कैसा था गोवा?”

“अच्छा है,” शोभा म्हणाली, “लेकिन चाय बहुत बनानी पड़ती है.”

चिपळूणला ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ती फक्त गॅलरीत खुर्ची टाकून बसली, पाय लांब केले आणि वाट बघत राहिली. मी स्टोव्ह पेटवला.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. प्रमिलाची मुलगी कॉलेजात जाते. आमच्या घरी सकाळचा चहा आजही मीच करतो, गॅसपाशी एका जागी उभा राहून, दूध उतू जाईल म्हणून न हलता. जो माणूस न्हाव्याच्या खुर्चीत टिकत नाही, तो. मग कप नेऊन तिच्या हातात देतो, सावंतच्या फोटोतल्या वेटरसारखा वाकून. ती डोळे मिटून पहिला घोट घेते आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते,

“मालक, साखर जास्त झालीय!”