पाणबुड्या नानांचा दोर

पौषात तापीच्या पाण्यात हात घातला तर बोटं बधिर व्हायची, आणि नाना त्याच पाण्यात गळ्यापर्यंत उतरून माझ्याशी गप्पा मारायचे. गप्पा कसल्या, काठावर माझे दात वाजायचे आणि बोलायचे ते एकटेच. "मास्तर, पानी थंड नही शे. तुमनं आंग गरम शे," असं वर मलाच सुनवायचे.

शिरपूरजवळच्या त्या गावात मी नवा शाळामास्तर होतो आणि नाना नुकतेच आरमारातल्या पाणबुड्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन परतले होते. महायुद्धात विलायतेच्या गार समुद्रात बुडालेली जहाजं त्यांनी आतून पाहिली होती. जहाजाच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलेले परातीएवढे खेकडे, खिडकीतून मिशा हलवत डोकावणारा सील, हे सगळं ते शेजारच्या घरातलं सांगावं तसं सांगत. गाव म्हणे, बुवा थापा मारतो. मलाही निम्म्या थापाच वाटायच्या. पण एक वाक्य ते फार ठासून म्हणत, "बुडेल जहाज खोटं बोलत नही." म्हणजे बुडालेलं जहाज कसं बुडालं ते तसंच दाखवतं.

त्या वर्षी पुरात झिपरू नावाड्याची नाव बुडाली आणि तिच्यात बसलेली गावातल्या गिरधरची आई वाहून गेली. झिपरू सांगत होता, वाहत आलेलं झाड येऊन आदळलं. गिरधर म्हणे, नावच कुजकी होती, ह्यानं आळसानं दुरुस्त केली नाही. गावानं गिरधरचं ऐकलं. झिपरूशी बोलणं बंद, त्याच्या पोरीचं ठरलेलं लग्नही मोडायला आलं.

नाना पाणी निवळायची वाट बघत थांबले. पौषात डोह स्वच्छ झाला तसे पाठीवर हवेची टाकी बांधून, करवत घेऊन ते उतरले. नावेची मोडकी फळी कापून वर आणायची होती. कमरेच्या दोराचं टोक माझ्या हातात. दर पाच मिनिटांनी एक हिसका म्हणजे ठीक, तीन म्हणजे ओढा.

दहा मिनिटं झाली तरी दोर गप्प. मी हिसका दिला, उत्तर नाही. पाण्यावर बुडबुडे येत होते, म्हणजे माणूस सुखरूप श्वास घेत होता. पण माझं डोकं ठिकाणावर होतं कुठे? मी ओढत सुटलो. नाना वर आले ते रिकाम्या हातांनी. दोन्ही हात करवतीवर होते म्हणून हिसका दिला नव्हता. करवत तळाला गेली, फळी अर्धी कापून तिथेच राहिली.

"तुले बुडबुडा दिखनात नही?" नाना ओरडले.

"घाबरलो, नाना. तुम्हाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

त्यांनी कमरेचा दोर सोडला. मग हळू म्हणाले, "तुले मन्ही माया लागनी. आते दोर तुन्हा हातमा नको. गिरधरले बलाव."

मी हादरलोच. गिरधरला फळी वर यायला कशाला हवी होती? नानांचं म्हणणं, त्याला नानांची माया नाही, पण आई कशानं गेली ते त्याला कळायलाच हवंय.

दुसऱ्या दिवशी टाकीत उरलेल्या निम्म्या हवेवर नाना तळाची करवत शोधून फळी कापायला पुन्हा उतरले. दोर तसाच गप्प झाला. न राहवून मी हात पुढे केला तर गिरधरनं मला कोपरानं ढकललं. "मास्तर, गप बसा. श्वास चालू शे." त्याची नजर बुडबुड्यांवरून हलली नाही. मग तीन हिसके आले.

फळी अस्सल सागाची, कुठेही कुजलेली नव्हती. फुटलेल्या जागी बाभळीच्या फांदीचा खुंट रुतून बसला होता. गिरधरनं खुंटावरून बोट फिरवलं. "लाकूड पक्कं शे," एवढंच म्हणाला, आणि ओली फळी खांद्यावर घेऊन झिपरूच्या घराकडे चालू लागला. झिपरूच्या पोरीचं लग्न झालं.

त्यानंतर नाना कितीतरी वर्षं बुड्या मारत राहिले, कधी विहिरीतला पंप काढायला, कधी डोहात पडलेली बैलगाडी. दर वेळी दोराला त्यांची माया न लागलेला नवा माणूस शोधायचे. मला काठावर बसवून चष्मा आणि कपडे सांभाळायला द्यायचे. सुरुवातीला मी रुसलोसुद्धा.

आज नाना नाहीत. गावात तेव्हा लोक उघड म्हणायचे, मास्तरवर नानांचा काडीचा भरवसा नाही. मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो आणि मनातून इतका सुखावायचो की काय सांगू.