बांधावरची देवी

आईच्या हृदयाची झडप बदलायची होती, आणि ती दवाखान्यातल्या खाटेवर महाराणीसारखी बसून म्हणाली, "आधी माझ्या देवीपुढे दिवा लाव. मग काय कापायचं ते कापा."

ही देवी कावेरीकाठच्या तिरुवैयारु गावाच्या पलीकडची. चोळांच्या काळात तिथे गाव होतं. कावेरीने वाट बदलली आणि गाव उठलं. आई नवी नवरी म्हणून पाया पडायला गेली, तेव्हा विटांचं लहानसं देऊळ तेवढं उरलं होतं. माझा विश्वास डॉक्टरांवर, तोही अर्धाच. तरी पणती आणि तेलाची बाटली घेऊन निघालो.

पोचलो तर चहूकडे भातशेती. बांधावर खापऱ्या, पाटात एक रुंद जुनी वीट. देऊळ कुठेच नाही. मी हात उंचावून देवीला खडसावलं, "बाई, बोलावतेस आणि घरी नसतेस!" लावणी करणाऱ्या बायका खो खो हसल्या. मीही हसलो, मग हातातल्या बाटलीकडे पाहिलं. उद्या सकाळी ऑपरेशन. दिवा न लावता आईसमोर कसा उभा राहू?

दुपारी बायका जेवायला निघाल्या. बांधावरच्या एका उंचवट्यापाशी प्रत्येकीने चपला काढून हातात घेतल्या, आणि तो ओलांडल्यावर पुन्हा घातल्या.

मी मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आजीला विचारलं, "पाट्टी, इथे चपला का काढल्या?"

"सासू काढायची."

"ती का काढायची?"

"माझ्या सासूला 'का' विचारायचं? तुम्ही विचारून दाखवायचं होतंत, ऐया!" मग म्हणाली, "ट्रॅक्टरवालाही इथे नांगर उचलतो."

मी चपला काढल्या, दिवा लावला. वारा सुटला होता. पाट्टीने न सांगता पदराचा आडोसा धरला.

संध्याकाळी आईने विचारलं, "देऊळ कसं आहे?"

एरवी मी तिच्यासमोर सात मजली गोपूर उभं केलं असतं. त्या दिवशी जीभ वळेना. "आई, भिंत नाही, मूर्ती नाही. लोक तिथे चपला काढतात, एवढंच."

ती म्हणाली, "म्हणजे आहे की!" आणि बांगड्या उतरवायला नर्सपुढे हात केला.

सकाळी ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. देवाशी जन्मभर हुज्जत घालणारा मी बाहेर हात जोडून बसलो. काही मागावंसं वाटलं नाही. आईला देवीच्या ओटीत घातलं होतं. आई बरी होऊन घरी आली. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण दार उघडण्याआधीच मला जी शांती मिळाली, ती कोणी दिली हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.