बोलायची परवानगी

"नाव काय तुझं?" मी पुन्हा विचारलं. ट्रॉलीवरचा मुलगा नुसता टक लावून बघत राहिला.

पडद्यापाशी त्याचे तीन मित्र उभे होते. काळे टाय, गुडघ्यापर्यंत चिखल. तेही गप्प. सिस्टरनं काय झालं म्हणून विचारलं, तर तिघंही समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी ग्लासगोत कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात, रजिस्ट्रार डॉक्टर होते. दारू प्यालेले स्टुडंट्स काही नवे नव्हते. पण ते बडबडतात. गप्प बसत नाहीत.

त्यांच्याबरोबरचा अँड्र्यू मात्र हसतमुख. युनिव्हर्सिटीतल्या एका डायनिंग क्लबचा, म्हणजे पोरांच्या खाण्यापिण्याच्या मंडळाचा, प्रेसिडेंट.

"काळजी नको, डॉक्टर. हे नवे मेंबर्स. मी परवानगी देईपर्यंत बोलायचं नाही, असा नियम आहे. समीर कुलकर्णी तर सगळ्यात शिस्तीचा!"

"मग आणलात कशाला?"

"जरा पेंगतोय. थोडी घेतलीय त्यानं."

कुलकर्णी म्हटल्यावर मी वाकून हळूच म्हटलं, "अरे, मराठीत सांग. यांना काय कळतंय!" त्यानं अँड्र्यूकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, घाबरलाय.

तरी चैन पडेना. कन्सल्टंटना, म्हणजे माझ्या वरच्या डॉक्टरांना, फोन केला.

"झोपू दे त्याला," ते म्हणाले.

"सर, दारूचा वास फारसा नाहीये. स्कॅन हवाय."

"स्कॅनर दुसऱ्या हॉस्पिटलात आहे. पेशंट बोलत नाही म्हणून अँब्युलन्स मागू?"

माझं डोकंच फिरलं. परत येऊन अँड्र्यूला म्हटलं, "दे परवानगी. आत्ता!"

तो ताठ उभा राहिला. चर्चमधल्या पाद्र्याच्या सुरात म्हणाला, "ब्रदर्स, यू मे स्पीक."

तिघं एकदम बोलायला लागले. थांबेचनात. जुन्या मेंबर्सनी डोळे बांधून तळघराच्या जिन्यावर नेलं होतं. समीरला मागून ढकललं. डावं कानशील दगडी पायरीवर आपटलं. बेशुद्ध पडला, मग उठला, चालला, हसलासुद्धा. एकजण सांगतासांगता रडायला लागला.

समीर तेवढा बोलला नाही. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी त्याचा उजवा हात उचलून सोडला. तो धप्पकन गादीवर पडला.

कानशिलाच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. ती फुटली की कवटीखाली रक्त साचत जातं. आधी माणूस ठीक दिसतो, मग मेंदू दाबला जातो. बोलण्याची जागा बहुतेकांची डाव्या बाजूला असते, उजवा हातही डावीकडूनच हलतो.

"पण तो नियम पाळत होता..." अँड्र्यू पुटपुटला.

"मेला असता, मेल्या, नियम पाळत!" मी मराठीतच ओरडले.

कन्सल्टंटना पुन्हा फोन केला. हाताचं ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, "पाठव."

ऑपरेशन झालं. समीर वाचला. काही महिन्यांनी बोलायलाही लागला, थोडं अडखळत.

युनिव्हर्सिटीनं चौकशी केली. क्लब कायमचा बंद. अँड्र्यूला काढून टाकलं, बाकीच्या जुन्या मेंबर्सचं वर्ष गेलं. निकालाआधी मी साक्षीला गेले होते. समीरची आई लंडनजवळच्या पिनरहून आली होती, माझ्याशेजारी बसली होती.

चौकशी समितीच्या अध्यक्षांनी समीरला विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

समीरनं आधी अँड्र्यूकडे पाहिलं. अँड्र्यूनं मान खाली घातली. समीर त्याच्या इशाऱ्याची वाट बघत राहिला.

"अरे, बोल ना रे!" आई कळवळून म्हणाली. तो बघतच राहिला.

त्यानंतर कोणी 'पेशंट मुद्दाम गप्प आहे' म्हणालं, की मी आधी स्कॅन मागायचे. रक्ताची गाठ सर्जन काढतो. डोक्यात जे उरतं, त्याला आमच्याकडे डिपार्टमेंट नव्हतं.