दिवस वाटणारे उस्मानभाई

"पुढच्या वैशाखात तुमचं काही काम आहे का?"

छापखान्यात पाऊल टाकलं तेव्हा उस्मानभाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. बाहेर श्रावण चालू होता आणि मला नोकरी लागून दहा मिनिटं झाली होती. मी नाही म्हणालो. "मग वद्य पंचमी तुमची," ते म्हणाले. "शनिवार आहे. काहीतरी ठरवून टाका, मास्तर." एवढं बोलून त्यांनी हातातल्या पट्टीत अक्षराचा आणखी एक शिशाचा खिळा बसवला. माणूस थोडा सरकलेला आहे, असं माझं मत झालं आणि ते महिनाभर टिकलं.

आमचा छापखाना नाशकात भद्रकालीला होता. लग्नपत्रिका आणि औषधांच्या जाहिराती छापून पोट भरायचं, पण अब्रू सगळी पंचांगावर. पंचवटीतले एक जोशी पुढच्या वर्षाचं गणित करून हस्तलिखित पाठवत. उस्मानभाई एकेक खिळा जुळवून त्याची पानं बांधत आणि कच्ची छाप निघाली की ती हस्तलिखिताशी ताडून पाहून सही करायची, हे माझं काम; त्यावरूनच उस्मानभाई मला मास्तर म्हणत. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण आणि प्रत्येकाची घटका-पळं. रोजची तीच ओळ, तेच रकाने. तिसऱ्या पानाला आकड्यांच्या मुंग्या व्हायच्या आणि पाचव्या पानाला मी चक्क पेंगायचो.

मालक तात्यांनी आधीच बजावलं होतं, दोन चुका माफ, तिसरीला घरी. एका लग्नपत्रिकेत वधूच्या बापाचं नाव गळलं. मग मूळव्याधीच्या मलमावर खोकल्याच्या औषधाचं नाव चढलं. दोन्ही माफ्या पंधरा दिवसांत संपल्या. घरी आई आणि दोन धाकट्या बहिणी माझ्यावर अवलंबून होत्या, आणि ते दिवस असे की मॅट्रिक झालेली मुलं पट्टेवाल्याच्या जागेसाठी खेटे घालत होती. ही नोकरी गेली असती तर दुसरी मिळण्याची आशा नव्हती.

उस्मानभाई हे काम सव्वीस वर्षं करत होते. पन्नाशी उलटलेली, दाढीला मेंदी, बोटांची टोकं शिशानं काळी. दुपारी नमाजाला निघाले की गल्लीतल्या बायका खिडकीतून विचारत, "उस्मानभाई, संकष्टी कधी हो?" चालता चालता ते वार सांगत, वर चंद्रोदयही सांगत. "आमची ईद चंद्र दिसेल तेव्हा," ते हसून म्हणत. "तुमचे सण मात्र माझ्या बोटांतून जातात."

मी एकदा वैतागून विचारलं, "तुम्हाला कंटाळा कसा येत नाही हो?"

"आकड्यांचा येतो की! पहिल्या साली तर मी पळूनच चाललो होतो. मग म्हटलं, हा मंगळवार असा बेवारशी कशाला? कोणाचा तरी असेल ना! तेव्हापासून वाटत सुटलो. धनी नसलेली ओळ मी जुळवत नाही, मास्तर."

आणि ते खरंच वाटत. टांगेवाल्याच्या बायकोचे दिवस कधी भरतात, पिंपळगावच्या कोणाची द्राक्षछाटणी कधी, कोणाचा मुलगा परीक्षेला बसणार, सगळं विचारून ठेवत आणि ज्याचा दिवस आला त्याचं नाव पुटपुटत खिळे लावत. मला हा पोरखेळ वाटायचा.

भाद्रपदात वैशाखाचं पान यंत्रावर चढलं. पहिला कागद बाहेर पडला तसा उस्मानभाईंनी तो उचलला आणि ओरडले, "रघुनाथ, यंत्र थांबव! तुझ्या मुलीच्या लग्नाचा गुरुवार कुठे गेला?" पानावर बुधवार दोनदा होता आणि त्यापुढे एकदम शुक्रवार. यंत्र चालवणाऱ्या रघुनाथनं कपाळाला हात लावला. तात्या आले, त्यांनी कच्च्या छापेवरची सही बघितली. माझीच होती.

"सामान आवरा," ते मला म्हणाले.

"खिळा माझ्या हातचा आहे, मालक," उस्मानभाई म्हणाले. "आधी चूक माझी."

"तुमची सव्वीस वर्षांतली पहिली. यांची तिसरी."

"मग असं करा. उरलेले दहा महिने मास्तर माझ्यासमोर मोठ्यानं वाचतील. त्यात एक जरी चूक राहिली, तर त्यांच्याबरोबर मीही घरी जातो."

तात्यांनी कच्ची छाप माझ्या हातात परत दिली आणि ते आत गेले. या माणसाला माझ्यासाठी एवढं करायचं काय कारण होतं? मी विचारलंही. "तुम्हाला वैशाखातला शनिवार दिलाय," ते म्हणाले. "तो तरी इथं काढा."

दुसऱ्या दिवसापासून मी वाचू लागलो. त्यांची अट एकच, दिवस कोणाला तरी दिल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. सुरुवातीला लाज वाटली. मग आईच्या डोळ्यांची तपासणी ज्येष्ठात ठरवली, धाकटीचं शाळेत नाव घालणं आषाढात. हळूहळू ओळखीची माणसं संपली तशी मी रस्त्यात अनोळखी लोकांनाही विचारू लागलो. पेंग कुठच्या कुठे गेली. संध्याकाळ झाली तरी माझं उठायचं मन होत नसे.

दिवाळीच्या तोंडावर फाल्गुन आला. वद्य पंचमी मी स्वतःलाच ठेवली होती; रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे आमच्याकडच्या रंगानं भरलेल्या हौदात, उडी मारायची असं ठरवलं होतं. ओळ वाचली आणि थबकलो. पंचमीपुढची जागा कोरडी होती आणि 'रंगपंचमी' हा शब्द खालच्या षष्ठीपुढे बसला होता. हस्तलिखित बघितलं, तर तिथंही तसंच! नुसतं ताडून बघितलं असतं तर डोळे मिटून सही केली असती. मी कागद घेऊन पूल ओलांडून पंचवटीत धावत गेलो. जोशीबुवा आधी रागावले, मग चष्मा लावून त्यांनी गुपचूप दुरुस्ती केली. "गावानं एक दिवस उशिरा उड्या मारल्या असत्या," ते पुटपुटले.

मी परतलो तेव्हा तात्या दारातच उभे होते. दुरुस्त केलेला कागद त्यांनी दोनदा वाचला आणि चहा मागवला. उस्मानभाईंनी माझ्या पाठीवर काळी बोटं उमटवली. आईनं कितीही धुतला तरी तो सदरा स्वच्छ झाला नाही.

पुढे पाच वर्षं आम्ही जोडीनं वर्षं बांधली. मग त्यांच्या छातीनं दगा दिला आणि ते अंथरुणाला खिळले. मी कच्च्या छापा त्यांच्या घरी नेऊन वाचू लागलो. श्रावणाशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. "शुद्ध षष्ठी मला द्या. मालेगावला माझ्या नातीचं बिस्मिल्ला आहे. त्या दिवशी तिला चार वर्षं, चार महिने, चार दिवस पुरे होतात. आमच्यात पोराला पहिलं अक्षर तेव्हा शिकवतात. मी मोजून ठेवलंय." त्यांना धड बसताही येत नव्हतं. मी त्या ओळीपुढे त्यांचं नाव लिहिलं.

कार्तिकात ते गेले. छापखाना तीन दिवस बंद राहिला आणि तात्या लहान मुलासारखे रडले.

पुढच्या श्रावणात, शुद्ध षष्ठीला, मी रजा टाकून सकाळच्या मोटारीनं मालेगाव गाठलं. विचारत विचारत घर काढलं. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. मी कोण ते सांगण्याआधीच ती म्हणाली, "मास्तर ना? या, आत या. अब्बा सांगून गेले होते, मी नाही आलो तर मास्तर येतील. पोरगी केव्हाची नटून बसलीय, पण आम्ही अजून सुरुवात केली नाही. तुमचीच वाट बघत होतो."